तंजावूरची दुपार

फोन उचलला की अक्का 'हॅलो' म्हणत नसत. चष्मा कपाळावर चढवायचा, फोन हातभर लांब धरायचा आणि विचारायचं, "कोणाचं?"

आम्हा मराठी घरांना त्याचं काही वाटत नसे. वडिलांचं श्राद्ध यंदा कधी येतं, आजीचं कधी येतं, एवढंच विचारायला अक्कांना फोन जायचा. एकदा मात्र विमा विकणाऱ्या एका मुलीने फोन केला. "कोणाचं?" "तुमचंच, मॅडम! खास तुमच्यासाठी!" "माझं व्हायला अजून अवकाश आहे," म्हणून अक्कांनी फोन ठेवला. त्या मुलीने पुन्हा मराठी राजांच्या महालामागच्या आमच्या गल्लीत कोणालाच फोन केला नाही, असं मी घरी सांगतो. घरचे माझं निम्मं खरं धरतात. तुम्हीही तेवढंच धरा.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असणारच. तिचं खरं नाव कोणी घेत नाही, आणि तिच्यावाचून कोणाचं चालत नाही. आमच्या अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. राहायच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्या वाध्यारांकडे. पुरोहिताला आम्ही इथे वाध्यार म्हणतो. वाध्यार स्वभावाने इतके मऊ की कोणालाच नाही म्हणवत नसे. एकाच दिवशी एकाच वेळी दोन घरी येतो म्हणून सांगायचे आणि मग तिसऱ्याच घरचे लोक पान वाढून वाट पाहत असायचे. तेव्हा अक्कांनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, तो कायमचा.

तिथीची भानगड थोडी सांगतो. शेजारची तमिळ घरं सूर्याचा महिना धरतात, आम्ही चंद्राचा. भिंतीवरचं कॅलेंडर तमिळ आणि पितर मराठी, अशी आमची गत. आमचे आजोबा एका वर्षी शाळा सुटायच्या आधी येतात, एका वर्षी सुट्टी संपल्यावर. त्यातून श्राद्धाला दुपारी जी तिथी असेल ती धरायची. हे सगळं अक्का पंचांग उघडून फोनवर सांगायच्या, आणि वर "यंदा तरी खीर पातळ करू नका" हेही.

मग कंपनी आली. शर्टात खोचलेली ओळखपत्रं, हसरे चेहरे, अशी दोन मुलं एका सकाळी अक्कांच्या तिण्णैवर, म्हणजे घराबाहेरच्या कट्ट्यावर, येऊन बसली. मीही होतो, कारण तिथे कॉफी चांगली मिळायची. मोबाइलवर वाध्यार बोलवायचं अ‍ॅप होतं त्यांचं. वाध्यारांचा फोटो लागणार, काम झालं की यजमानाने तारे द्यायचे, पाचपैकी.

वाध्यारांचा चेहरा उतरला. "मंत्राला तीनच तारे मिळाले तर?"

"थांब," अक्का त्यांना म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "गेलेला माणूस एकदा नोंदला. पुढल्या वर्षी काय?"

"पुढच्या वर्षी त्याच तारखेला आपोआप आठवण येणार, मॅडम."

"त्या तारखेला त्याची तिथी नसणार."

"एखादा दिवस इकडेतिकडे अ‍ॅडजस्ट करायचं, मॅडम."

"तुझ्या लग्नाची पंगत दुसऱ्या दिवशी वाढली तर अ‍ॅडजस्ट करशील?"

मुलं कॉफी अर्धी टाकून गेली. पण ती आमच्या मराठी सभेच्या सेक्रेटरींकडेही जाऊन आली होती, आणि सेक्रेटरींना कंपनी फार आवडली. भला माणूस, बँकेतून निवृत्त, सभेच्या हॉलला पंखे त्यानेच लावले. अक्कांना तो देवळाच्या रांगेत भेटला. "अक्का, जग पुढं चाललं आहे. महालयाच्या पंधरवड्याआधी सभा भरवतो. अवघे वाध्यार कंपनीत घालू. तुमचाही त्रास वाचेल."

"मला कोठे त्रास आहे?"

"मग दुसरं काही दाखवा. असलं तर."

वाध्यार एकदा कंपनीत गेले की कोणत्या घरी कोणत्या दिवशी जायचं ते कंपनी सांगणार. आमचे आजोबा इंग्रजी तारखेला बांधले जाणार, आणि भावाला पाचपैकी तारे मिळणार. अक्कांनी आयुष्यभर जे जुळवलं ते एका सभेत सुटणार होतं. रांगेत त्या फक्त "सरि" म्हणाल्या. तमिळमधल्या या 'बरं'चे अनेक अर्थ होतात. अक्कांच्या तोंडी त्याचा अर्थ लढाई असा होता, हे सेक्रेटरींना कळलं नाही.

त्याच दुपारी त्या आमच्या घरी आल्या. "तू कॉलेजात कॉम्प्युटरवर असतोस ना?"

असतो. कॉलेजच्या ऑफिसात पगारबिलं टाइप करतो. एकदा घरचं इंटरनेट बंद पडलं तेव्हा मी डबा बंद करून पुन्हा चालू केला आणि ते सुरू झालं. तेव्हापासून नात्यात मला इंजिनिअर म्हणतात. हे मी अक्कांना प्रामाणिकपणे सांगितलं.

"पुरे आहे की," अक्का म्हणाल्या. "बाकी वाचून कळेल."

गणिताच्या शिक्षकांच्या कुठल्याशा गटात त्यांना एका ओपन सोर्स अ‍ॅपचा पत्ता मिळाला होता. घरांनी वेळ नोंदवायची, वाध्यारांना ती दिसायची, इतकं साधं. त्याला कोणा अनोळखी माणसाने चांद्र तिथीचा एक भागही जोडून ठेवला होता.

"हे आहे कोणाचं?" मी विचारलं.

"अवघ्यांचं. आपल्या राण्यांनी वाटेवर चत्रं बांधली ना, तसं. कोणीही उतरावं. आपलं भांडं आपण घासावं."

चत्र, म्हणजे धर्मशाळा, समजलं. आता ते अ‍ॅप उतरवायचं कुठे? त्यासाठी अक्कांनी एक होस्टिंगची जागा शोधून ठेवली होती. तिथे आपण फक्त अ‍ॅप द्यायचं. सर्व्हर चालवणं, सांभाळणं ते बघणार. मला हे काही केल्या कळेना. शेवटी अक्का चिडल्या. "कल्याण मंडपम घेतोस ना लग्नाला? दिवे, पाणी, झाडलोट त्यांची. नवरानवरी तेवढी आपली न्यायची. कळलं?"

कळलं. नवरानवरी घेऊन आम्ही निघालो आणि दारातच अडलो.

'डिप्लॉय'चं, म्हणजे अ‍ॅप तिथे चढवायचं, बटण दाबलं की पडद्यावर पांढरी अक्षरं धावायची आणि मग एकदम लाल व्हायची. लाल दिसलं की मी खिडकी बंद करायचो. ऑफिसात आम्ही सगळे तसंच करतो. अक्कांनी माझा हात धरला.

"का मिटवतोस?"

"चूक आली, अक्का."

"आली ते दिसतं. काय म्हणते ते वाचलंस?"

"इंग्रजीत शिव्या देतंय."

"मग पुरत्या ऐकून घे. शिव्या पुरत्या ऐकल्याशिवाय उत्तर कसं देशील?"

आणि त्या उत्तरपत्रिका तपासल्यासारख्या एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागल्या. बहुतेक ओळी बडबडीच्या निघाल्या. एकच कामाची होती. डेटा कुठे ठेवायचा तो पत्ता आम्ही दिलाच नव्हता. पत्ता दिला. पुन्हा लाल. आता एक गुप्त किल्ली मागत होतं: लांबलचक, कोणाला ओळखता येणार नाही अशी.

"लिही," अक्का म्हणाल्या, आणि डोळे मिटून गोत्र आणि प्रवर म्हणू लागल्या.

"अक्का, हे अवघ्या गावाला पाठ आहे!"

"चोर आपल्यातलाच निघाला तर जेवायला बोलवू."

मी त्यांचं ऐकलं नाही. वाट्टेल ती अक्षरं बडवून किल्ली तयार केली. त्यांच्या नकळत केलेलं ते माझं एकमेव काम. त्यानंतर पडदा काही तरी प्रश्न विचारू लागला. हे हवं का, ते कुठे हवं. मी प्रत्येकापाशी थबकायचो, आणि अक्का म्हणायच्या, "त्यांनी भरलंय ते राहू दे. पुढं चल, पुढं चल."

पुढं चाललो, आणि एका संध्याकाळी अक्षरं हिरवी झाली. साइट उघडली. बटणांवर मराठी शब्द, पण तमिळ लिपीत. कारण आमच्या मुलांना मराठी कानाने येतं, डोळ्याने येत नाही. अक्कांनी वाध्यारांना संध्येवरून उठवून आणलं. ते पडद्याकडे पाहत राहिले. "यात तारे कोठे देतात?"

"यात नाहीत."

वाध्यारांनी पडद्याला नमस्कार केला.

सभेला हॉल भरला होता. पापनाशम गावचं मराठी घरही बस पकडून आलं होतं. आधी कंपनीच्या मुलाने फोनवर सगळं गुळगुळीत दाखवलं. मग आमची पाळी. मी लॅपटॉप जोडला, भिंतीवर साइट उमटली, अक्का उभ्या राहिल्या. सेक्रेटरी हसत म्हणाले, "माझ्या अप्पांचंच बघा ना."

मी महिना, पक्ष, तिथी भरली. भिंतीवर दिवस आला. मागच्या रांगेतून सेक्रेटरींच्या पत्नीचा आवाज आला, "अय्यो, तो आदला दिवस! पंचांगात दुसऱ्या दिवशी आहे."

मला वाटलं, अक्का आता पंचांगाशी भांडतील. त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं, चष्मा खाली ओढला, पाहिलं.

"चूक आहे," त्या म्हणाल्या. माईक होता, तरी ओरडून म्हणाल्या. "आमची चूक आहे!"

लोक हसले. सेक्रेटरीही हसले, पण भल्या माणसासारखे. "म्हणून म्हणतो अक्का, ही कामं मोठ्या लोकांची. आपल्याला कशाला?"

"माझ्यात चूक आहे ती उद्या मी उघडून शोधेन. अ‍ॅप उघडं आहे, कोणीही शोधावी. त्या पोराच्या अ‍ॅपात दरवर्षी चूक आहे. ती कोण उघडणार? तू? तुला उघडू देतील?" मग मुलाकडे वळून, आवाज उतरवून, "तुला तरी देतात का, रे?"

मुलगा खरोखर विचारात पडला. "नाही, मॅडम."

तरी मत घेतलं. कंपनीच्या बाजूने हात वर गेले, आणि बरेच गेले. मीही इकडेतिकडे पाहिलं. अक्का तेवढ्यात माझा लॅपटॉप मिटत होत्या. "वर धरा," त्या म्हणाल्या. "हात दुखले की खाली येतील." आणि चालत्या झाल्या. वाध्यार आधी हॉलकडे, मग बहिणीकडे बघून तिच्या मागून गेले. वायर गुंडाळायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिण्णैवर बसून एकेक घराची तिथी पडताळू लागलो. बऱ्याच बरोबर येत होत्या. काही मात्र एक दिवस आधी येत होत्या. मला त्यात काहीच अर्थ दिसेना. अक्का मात्र चुकलेल्या तिथी पंचांगात बोट ठेवून पाहू लागल्या.

"चुकतात त्या अवघ्या दुपारनंतर लागणाऱ्या. आपल्याकडे तिथी दुपारनंतर लागली की श्राद्ध दुसऱ्या दिवशी. हे आदल्याच दिवशी लावतं आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "याची दुपार कोठली?"

मी होस्टिंगच्या सेटिंगमध्ये शिरलो. आमचं अ‍ॅप समुद्रापार दूर पश्चिमेच्या एका शहरात राहत होतं. आम्ही जागा सांगितली नव्हती म्हणून त्यांनी दिली होती. आमची दुपार टळून संध्याकाळ व्हायची तेव्हा तिथे दुपार व्हायची, आणि तोवर इथे न लागलेली तिथी तिथे लागलेली असायची. आमचे पितर परदेशी दुपारी जेवायला बसत होते.

"चढवताना विचारलं होतं त्याने," मी म्हणालो. "तुम्ही म्हणालात, पुढं चल."

अक्कांनी पिळ्ळैयारपुढे, म्हणजे गणपतीपुढे, करतात तशा दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या. मग म्हणाल्या, "झालं. आता सांग त्याला."

"काय सांगू?"

"कोठेही राहा म्हणावं. पण दुपार तंजावूरची धर."

अगदी तेवढंच करायचं होतं. सर्व्हर हलवायची गरज नव्हती. एका रकान्यात तंजावूरचे अक्षांश-रेखांश, दुसऱ्यात इथलं घड्याळ, आणि पुन्हा डिप्लॉय. सेक्रेटरींचे अप्पा आपल्या दिवशी येऊन बसले. मी आनंदाने टाळी वाजवली. अक्का म्हणाल्या, "टाळ्या पुरे. ज्या अनोळखी माणसाने तो तिथीचा भाग केला त्याला कळव. म्हणावं, दुपार विचारून घेत जा. उद्या कोणी आणखी फसेल." मी इंग्रजीत कळवलं. त्याने आभार मानले आणि आमचा बदल आपल्यात घेतला. तो कोण, कुठला, आम्हाला आजही ठाऊक नाही.

सभेचा ठराव झाला होता, तो झालाच. वहीत आहे. पण वाध्यारांनी कंपनीला फोटो दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी ते नाही म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर घाबरून पाणी प्यायले. अक्कांनी साइटचा पत्ता घराघरात पाठवला. खाली एक ओळ: "ठराव सभेचा आहे, पितर तुमचे आहेत." महालयाचा पंधरवडा आला तेव्हा एकेक घर गुपचूप आमच्याकडे नोंदू लागलं. कंपनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होती. मग फोन उचलेनाशी झाली.

एक दिवस साइटवर सेक्रेटरींच्या पत्नीचं नाव आलं. नाव तिचं, तिथी अप्पांची. मी म्हटलं, "अक्का, यांना शेवटची वेळ देऊ, उपाशी बसू देत तीन वाजेपर्यंत."

"छी. पहिली दे. भांडण मुलाशी आहे, बापाशी नाही."

पण या विजयाची एक गंमत झाली. लोक साइटवर नोंदू लागले, आणि अक्कांचा फोन वाजेनासा झाला. त्या तो मांडीवर घेऊन तिण्णैवर बसायच्या. कधी उचलून बघायच्या, चालू आहे ना. मी विचारलं, वाईट वाटतं का? "वेडा आहेस," त्या म्हणाल्या, आणि तिथूनच एका घरी स्वतः फोन लावला. "कोणाचं विचारू नकोस. खीर कशी झाली ते सांग."

अक्का दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात गेल्या. दोनच दिवस ताप. आम्हाला कोणाला सवड दिली नाही. त्यांच्या 'पुढं चल'ला हे धरून झालं.

वर्षश्राद्ध झालं, आणि यंदा महालय जवळ आला तेव्हा वाध्यार माझ्याकडे आले. फोन त्यांच्या हातात अजून उसना घेतल्यासारखा दिसतो. त्यांना साइटवर अक्कांची तिथी नोंदायची होती. नातं निवडायच्या जागी वडील, आई, आजोबा, आजी, काका, मामा होते, आणि शेवटी 'इतर'.

"इतर?" वाध्यार म्हणाले. मी त्यांचा आवाज इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "ती इतर?"

"मोठी बहीण असं घालू?"

"ती माझी. बाकीच्यांची कोण? शास्त्रात बसतं. महालयात गुरूला पाणी देता येतं, स्नेह्याला देता येतं. तू लिही. अक्का लिही."

मी अ‍ॅपचा कोड उघडला. त्या रकान्यात, आईच्या खाली, 'अक्का' असा एक शब्द घातला आणि डिप्लॉय केलं. पडदा लाल झाला. खिडकी मिटावी असं फार वाटलं. शेवटपर्यंत वाचलं. एक स्वल्पविराम राहिला होता.

मी ते वाध्यारांपुरतं केलं होतं. कोणाला कळवलंही नव्हतं. पण सकाळी साइट उघडली तर अक्कांच्या तिथीचा दिवस भरत चालला होता. आमच्या गल्लीतली घरं, महालापलीकडची, पापनाशमचं, सेक्रेटरींचंही, या वेळी त्यांच्या स्वतःच्या नावाने. नात्याच्या रकान्यात सगळीकडे तोच शब्द. दुपारपर्यंत अ‍ॅपने, त्याच्या नियमाप्रमाणे, या दिवशी आता जागा नाही असं सांगायला सुरुवात केली, तरी लोक मला फोन करून विचारत होते की बघ, कुठे फट आहे का.

मी वाध्यारांना म्हटलं, कुंभकोणमहून आणखी एक वाध्यार बोलावू. तुम्हाला एवढं झेपणार नाही, वय झालं.

"जागा नाही म्हणतं ते?"

"हो. नियमच आहे तसा."

"तू तो नियम काढ," ते म्हणाले. "मी अवघ्या घरी जाणार."

त्या दिवशी मी त्यांना माझ्या मोपेडवर मागे बसवून घरोघर नेलं. सकाळी तर्पणं सुरू केली. तिसऱ्या घरापासून वाध्यार दारातच सांगू लागले, पानावर थोडंच वाढा. कोणी ऐकलं नाही. उन्हात त्यांचं उपरणं घामाने पाठीला चिकटलं होतं. एका घरून निघताना मी म्हटलं, जरा तिण्णैवर टेका, पाणी प्या, मग जाऊ.

त्यांनी पाय उचलून मोपेडवर टाकला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुपार टळेल," ते म्हणाले. "काढ गाडी."